पाऊण इंच

क्लीव्हलंडच्या ठाण्यात, नळ्या वाळत घालायच्या मनोऱ्याखाली
लेफ्टनंट झुपान दोन गुंडाळ्या मांडतो.
एक पावणेदोन इंची. एक अडीच.
"उचल, टिबेट्स."

पावणेदोन कडेवरच्या पोरासारखी येते.
अडीच येतच नाही,
आणली तर जिन्याच्या प्रत्येक वळणावर
खांद्याशी भांडते.
"फरक पाऊण इंचाचा," मी म्हणाले.
"मिनिटाला शंभर गॅलनचा," तो म्हणाला, आणि चहा प्यायला.
चहाच. त्या ठाण्यात एकटा तोच.

मग नोझल.
मला आवडलेलं फिरतं होतं, कडेला दातांचं कडं,
इकडे वळवलं की छत्री, तिकडे वळवलं की भाला.
त्यानं पुढं केलं ते पितळेचं, निमुळतं,
आरपार दिसणारं.
"हे तर नुसतं भोक!"
"नुसतं भोक," त्यानं मान डोलावली,
आणि फळीवरची बरणी खाली काढली.
गंजाचे पोपडे, बाटलीचं बूच,
प्लास्टिकच्या शिपायाचं कमरेखालचं अंग.
"चौदावा मजला. उभ्या नळातून आलं.
दातांत बसलं."
पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.
त्यानं झाकण लावलं, नीट, आटे जुळवून.

फेब्रुवारीत, पहाटे तीनला, तळ्याकाठची इमारत.
आग अकराव्यावर, म्हणून जोडायचं दहाव्यावर.
सातव्यावर एक बाई भेटली,
नाइटगाऊनवर कोट, पोटाशी शिवणयंत्र.
आम्ही एकमेकींचं ओझं पाहिलं,
ती भिंतीला चिकटली, मी कठड्याला.

आधी व्हॉल्व्ह उघडा सोडला.
नळ खोकला, लाल चिखल ओकला माझ्या बुटांवर,
मग स्वच्छ झाला.
मग नळी. मग भोक.
वर दाब कसला, जेमतेम;
पण भोकाला फार लागत नाही.
दार उघडलं तेव्हा तळ्यावरचा वारा
खिडकीतून आत येऊन आमच्याकडे तोंड करून उभा होता,
आणि माझ्या मागे दोघं, गुडघ्यांवर,
अडीच इंचांना मिठी मारून.
छताला पाणी लागल्याचा आवाज
मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

सकाळी नळी गोठून लाकूड झाली होती,
गुंडाळता येईना, ट्रकवर आडवीच टाकली.
ठाण्यात बूट उलटा केला तर
टाचेतून एक वाकडा खिळा पडला.
झुपान काही बोलला नाही.
बरणी उघडून पुढं धरली.