सिन्योरा इंदूर

रामबागेत आज आमच्याकडे गराडू आहेत,
आणि गराडूंच्या आधी पालेर्मो.
हे सांगतायत, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून.
ऐकायला निगुडकर, त्यांची सून,
आणि वरच्या मजल्यावरचे ओंकारलालजी,
ज्यांना मराठी निम्मंच कळतं, पण मान पूर्ण डोलते.

"राजवाडा म्हणजे काय,
आपला राजवाडा त्याच्या देवडीत मावेल!
छताला सोनं, नुसतं सोनं.
वर बघून बघून हिची मान धरली."

मान धरली, हे मीच सांगितलं होतं.
छताचं सोनंही.
हे त्या दिवशी जहाजातून उतरलेच नव्हते.

गुडघा सुजलेला. "तू जा," म्हणाले,
"पैसे भरलेत. माझ्या वाटचंही बघून ये."
एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा
एखाद्या गावात एकटी उभी राहिले.
गळ्यात जहाजाचं कार्ड, पर्समध्ये पासपोर्टची झेरॉक्स,
उपासाचा चिवडा आणि सवयीनं टाकलेली जिरावणाची पुडी.
साडेपाचला परत. साडेपाच म्हणजे साडेपाच.

लाल छत्रीवाल्या बाईमागून आमचा गट चालला.
तिसऱ्या वळणावर मी बुटाचा बंद बांधायला वाकले
आणि लवकर उठलेच नाही.

गल्लीत एक म्हातारा खुर्ची विणत होता.
वेताची. तश्शीच, जशा आमच्या ट्रेझरीत होत्या,
भोक पडलं की फाइल ठेवून बसायचो त्यावर.
त्यानं काहीतरी विचारलं.
मला वाटलं, कुठून आलात. म्हटलं, इंदूर.
त्यानं नाव विचारलं होतं.
"सिन्योरा इंदूर," म्हणाला, स्टूल सरकवलं,
आणि वेताचं ओलं टोक माझ्या हातात दिलं.

धरलं.
दोन तास धरलं.
तो खेचायचा, मी ताणून ठेवायची,
सैल पडलं की तो जिभेनं च् करायचा.
एरवी कुणी च् केलं की माझे डोळे भरतात.
तिथे हसू आलं.
कुणाच्या औषधाची वेळ झाली नाही.
वर दोरीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या,
आभाळ भरून आलं, मी उठले नाही.

दुपारी त्यानं संत्रं सोललं, अर्धं माझ्यापुढे केलं.
मी वर जिरावण भुरभुरवलं.
त्याला सात शिंका आल्या, मी मोजल्या,
मग त्यानं पुडीच मागून घेतली.
पावावर टाकलं, पाव मोडून दिला.
सोमवार होता, उपास होता.
खाल्ला.

परतताना लिफ्टमध्ये, चौथ्या मजल्यापासून नवव्यापर्यंत,
माहितीपत्रक वाचलं. तेवढाच माझा राजवाडा.
हे खिडकीशी बसलेले, दिवसभर तसेच असावेत.
"काय काय बघितलंस?"
मी सांगत गेले. छत. सोनं. मान.
ऐकता ऐकता यांचा चेहरा असा निवळला
की मी पदरची दोन कारंजी घातली.

तेव्हापासून हे राजवाडा सांगतात, मी कांदा चिरते.

आज म्हणाले, "अगं, ते पत्रक आण,
चष्म्याच्या डबीत आहे, निगुडकरांना दाखवतो."
घडी उलगडली. मागे, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत
वेळा, तिकिटाचे दर, आणि
सोमवारी बंद.
त्याखाली निळ्या शाईची रेघ.
पट्टी लावून मारलेली.
बत्तीस वर्षं ऑडिटात काढलेला माणूस
हातानं रेघ मारत नाही.

कधी मारली असेल?

मी दारातच. बाहेरून हाक,
"आणि कारंजी! कारंजी किती होती, सांग गं."
"चार," म्हटलं मी.
"चार!" हे निगुडकरांना म्हणाले. "ऐकलंत?"
पत्रकाचं मात्र पुन्हा विचारलं नाही.

गराडू तळून झाले.
वर लिंबू पिळलं, जिरावण टाकलं, जरा जास्तच,
आणि पहिली बशी यांच्यापुढे ठेवली.
एक शिंक आली.
दुसरी.
मी बशा घेऊन तिथेच, मोजत.