पोचा

माझा शिक्का सत्तेचाळीस नंबरचा.
उमटला की भाग पुढच्या शेडमध्ये जातो,
नाही उमटला
तर त्या दिवशी कँटीनमध्ये
माझ्या टेबलावर कुणी बसत नाही.

ओझरला डिसेंबरात निफाडकडून गारठा येतो.
मोजमापाची हत्यारं तासभर खोलीत ठेवावी लागतात,
धातूसुद्धा आखडतो, खरं माप देत नाही.
तेवढ्या वेळात मी केसिंगभोवती नुसती फिरते.
टायटॅनियमचं कडं, दोघांच्या कवेत मावेल एवढं.
हातमोजा काढून अंगठा फिरवते.
हे नियमात बसत नाही.

आप्पा तांबट आळीत हंडे ठोकायचे.
साठीला उजवा कान गेला,
मग डावा तळवा हंड्याच्या पोटावर ठेवून
ठोका तळव्यानं ऐकायचे.
पोचा आलेलं भांडं कुणी आणलं की
आधी गिऱ्हाइकाला बोलू द्यायचे नाहीत.
"थांबा. हे पायरीवर पडलंय.
भरलेलं होतं."
गिऱ्हाईक बायको असेल तर खाली बघायची.

मी नोकरीला लागले तेव्हा त्यांना सांगितलं होतं,
आमच्याकडे आतूनही मार बसतो.
"भांड्याला आतून कोण मारणार गं?"
एखादं पातं तुटतं, आप्पा. फिरता फिरता.
तो तुकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही,
एवढंच या कड्याचं काम.
ते बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, "आणि तू तो पोचा काढतेस?"
नाही. मी लिहिते.
"नुसतं लिहितेस?"
त्यांना वाईट वाटलं माझ्यासाठी.

आज चारच्या काट्याजवळ
अंगठा खाली गेला.
बाहेरून. अर्धचंद्रासारखा, एका बाजूला धारदार,
तळ चकचकीत. काजळी नाही, तेलाचा डाग नाही.
पिंजारी म्हणाले, "पक्षी असेल, मॅडम. नाहीतर गोटी."
पक्षी इथपर्यंत पोचत नाही, इक्बालभाई,
आणि आकाशातला मार इतका स्वच्छ नसतो.
हा इथला आहे. या आठवड्यातला.

खोली अडतीस शतांश.
मर्यादा पन्नास.
म्हणजे बसतं. शिक्का मारला असता तर
कागद काहीच बोलला नसता.

पण कड धारदार होती.
धुतलं. पेनिट्रंट लावलं. अर्धा तास
अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसून राहिले,
डोळ्यांना अंधार सरावेपर्यंत.
काळा दिवा लावला.
पोच्याच्या टोकातून निघालेली
हिरवी रेघ, तीन मिलिमीटर,
नव्या सुईत ओवायला घेतलेल्या दोऱ्याएवढी.

मी दिवा विझवला. पुन्हा लावला.
तिथेच होती.

लाल टॅग बांधताना मागे कुणीतरी उभं.
तेजल बोराडे, अप्रेंटिस, सहावा महिना.
"मंगळवारी स्टँडवरून पाना निसटला.
मी बघितलं होतं. लहानसंच वाटलं.
पुसून टाकलं."
पुसून टाकलं.
तिचा आवाज फुटत नव्हता
आणि मला, काय सांगू,
तिच्या हातांकडेच बघावंसं वाटलं,
नखांत ग्रीस, तर्जनीवर चिकटपट्टी.

मी रागावले. रागवायचंच असतं.
मग तिचा अंगठा धरून त्या कडेवर ठेवला.
इथून असं. आता इकडे. लागतंय?
"हो."
हे लक्षात ठेव. आकडा नंतर येतो.

फॉर्मवर कारण लिहायची एकच ओळ असते.
मी लिहिलं: हाताळताना. हत्यार पडून.
कळवलं स्वतःहून, तिनं.
शेवटचं वाक्य त्या ओळीत मावलं नाही,
मार्जिनमध्ये उभं लिहिलं.

परतीच्या बसमध्ये द्राक्षबागांवर धुकं बसलेलं.
आडगाव नाक्यावर गाडी खड्ड्यात आदळली,
कुणाचा तरी डबा खाली पडला,
रिकामा.
आवाजावरून कळलं.