कर्तरी

अंबडच्या टूलरूममध्ये
तीन नंबरच्या ग्राइंडरशेजारी एक लोखंडी स्टूल आहे.
त्यावर बसून वार्षिक फॉर्म भरते आहे मी, हेमलता बच्छाव.
रकाना सातवा : या वर्षी आपण काय साध्य केले?
आपल्या शब्दांत लिहा.

आपल्या शब्दांत.
गेल्या वर्षीची प्रत काढून बघितली :
'दाणी सरांच्या मार्गदर्शनाखाली
ब्रॅकेटची डाय वेळेत पूर्ण होऊ शकली.'
होऊ शकली!
जशी काही आपली आपण झाली,
रात्री झाकून ठेवलेलं दही लागावं तशी.

त्या रात्री दाणी सर त्र्यंबकला होते, भाच्याच्या मुंजीला.
पंच तुटला पावणेदोनला.
सुपरवायझर ह्याला त्याला फोन लावत होता
आणि मी डाय उघडून बसले होते.
कडेवरून नख फिरवलं.
नखानं जे सांगितलं
तेच मायक्रोमीटरनं सांगितलं नंतर :
दोन शतांश,
केसाचे चार उभे भाग केले तर त्यातला एक.
एवढ्यासाठी अख्खी लाइन थांबली होती.
साडेपाचला पहिला पीस पडला.
कडा साफ. बोट फिरवा, कुठे अडकायचं नाही.
तो मी ॲप्रनच्या खिशात टाकून सिडकोतल्या घरी नेला,
मिसळणाच्या डब्याशेजारी आहे अजून.
कोणी विचारलं तर म्हणते, असंच आहे काहीतरी, कंपनीतलं.

डबा खाताना विषय काढला.
फरजाना, जिच्या सहीवाचून
एक खोकं गेटबाहेर जात नाही,
म्हणाली, "मी कुठे काय, मशीनच मोजतं सगळं."
वेल्डिंगची यमुना गांगुर्डे म्हणाली, "नशीब, दुसरं काय."
म्हटलं, यमुना, ते नशीब
बारा वर्षं तोंडावर ढाल धरून वाकलं होतं का?
त्याच्या मनगटावर आहेत का हे डाग?
हसलो तिघी.
मग यमुना आपल्या मनगटाकडे बघत राहिली बराच वेळ,
भाकरीचा तुकडा तसाच हातात.

सटाण्याच्या शाळेत शेवाळे बाई होत्या.
म्हणायच्या, क्रियापद कोणाच्या तोंडाकडे बघतं ते शोधा,
प्रयोग आपोआप कळेल.
मी लिहिलं :
मी डाय बनवली.
वाचलं. काहीतरी खुपलं, बोटात कीस जावा तसं.
बनवली. म्हणजे हे डायकडेच बघतंय अजून!
माझ्या जागी दाणी सरांना बसवलं
तरी क्रियापद मान वळवत नाही :
सरांनी डाय बनवली.
कर्मणी, बाई, कर्मणी.
सत्तावीस वर्षं माझं सगळं कर्मणीत गेलं.

खोडलं.
मी डाय बनवते.
आता बसवा सरांना माझ्या जागी,
वाक्य मोडतं.
त्या शेवटच्या 'ते'मध्ये
माझ्याशिवाय कोणी मावत नाही.

कर्तरी म्हणजे कात्रीसुद्धा, असं बाई म्हणाल्या होत्या
आणि मागच्या बाकावर आम्ही खिदळलो होतो.
तेव्हा काय माहीत,
पत्रा कापूनच पोट भरायचंय.

एचआरचा पोरगा फॉर्म वाचून घुटमळला.
"मॅडम, या वर्षी काय केलं ते विचारलंय.
हे तर रोजचं झालं."
म्हटलं, बाळा, रोजचंच आहे.
वर्षाचं पुरवणीवर लिहिलंय,
सतरा ओळी, आकड्यांसकट.
टाचणी लाव नीट, गळून पडायला नको.

निघाले तर दारात फरजाना.
तिला तिचा फॉर्म परत हवा होता,
आणि माझं पेन.