कंदील आधी

हरिपूरच्या पेवात माणूस उतरण्याआधी
अण्णा कंदील सोडायचे.
दोरीला बांधून, हळूहळू, पार तळापर्यंत,
आणि काठावर उकिडवे बसून बघायचे.
वात विझली तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
व्यापारी ओरडू दे. गाडी उभी राहू दे.
"हळद चांगलीच आहे," म्हणायचे,
"तिच्यासोबत काय कोंडलंय, ते बघायचं."

आज बाळाच्या गळ्याखाली तांबूस पुरळ.
सकाळपासून दाराशी औषधं येऊन गेली.
सुगलाबाईंचा टाकळा, ताकात वाटलेला.
रुक्मव्वाचा कडुलिंब.
साय आणि हळद तर घरचीच.
अख्ख्या गल्लीची नखं पिवळी,
इथं हळदीवर शंका घेणं म्हणजे
कृष्णेला पाणी आहे का, विचारणं.

आणि कुणीतरी, हळूच, बिबा.

मी बाळाला उचललं.
मालनच्या मानेवर गजकर्ण होतं तेव्हा
कल्लव्वानं लावला होता बिबा, देवाचं नाव घेऊन.
उतला. कानापर्यंत फोड.
कल्लव्वा महिनाभर खोबरेल घेऊन येत राहिली,
दारात बसून रडायची.
मायेत खोट नव्हती तिच्या.
लग्नाच्या फोटोत मालननं पदर तिथंच धरलाय.

मगदूम डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत.
विचारत राहिल्या.
कुठली हळद? कुणी दळली? एवढी झगझगीत कशी?
किती जणांना लावली, किती बरे झाले,
आणि न लावता किती झाले असते?
"घामोळंय हे. सैल कपडे घाल, वारं लागू दे.
काहीही लावलंस तरी चार दिवसांत जाईल,
आणि गुण त्या काहीहीच्या नावावर पडेल."

मग मी पिशवीतून डबी काढली.
मिरजेच्या बाजारातली, वर फक्त पानाचं चित्र.
रुक्मव्वाच्या नातवाला एका रात्रीत उतार पडलेला.
बाईंनी वास घेतला, बोटांवर चोळली,
झाकण लावून ड्रॉवरमध्ये टाकली.
"एका रात्रीत पाला एवढं करत नाही गं.
कुणीतरी काहीतरी मिसळलं असणार.
त्या पोराला उद्या घेऊन ये."

टाकळ्याचं विचारलंच मी.
त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.
"बुरशी मरते म्हणे त्यानं. काचेच्या बशीत.
बशी म्हणजे बाळ नव्हे."

रात्री तो लगदा फेकवला नाही माझ्याच्यानं.
रुपयाएवढा घेतला,
स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावला
आणि पायरीवर येऊन बसले.
दोनच्या सुमारास खाजल्यासारखं झालं,
की नुसतं वाटलं, कोण जाणे.
आत पंखा कुरकुरत होता, बाळ पालथं पडलेलं.
अण्णा असते तर बिडी पेटवली असती,
काठापासून चार पावलं लांब जाऊन.