पिंपाचा भाव

लिमाचं आभाळ गाढवाच्या पोटाच्या रंगाचं,
असं लिमाचेच लोक म्हणतात, हसून.
सहा-सहा महिने ते पोट छपरांवर टेकलेलं,
दमट, राखाडी, न बरसणारं.
या शहराला पागोळी ठाऊक नाही.
छत्र्या विकणारा इथे उपाशी मरेल.

तेओफिला सुल्का पहाटे चारला उठून
पिंपात हात घालते.
कोपरापर्यंत पाणी लागलं, तर गुरुवार निभेल.
मनगटापर्यंत, तर केस धुणं रद्द.
निळं पिंप, त्यावर फळी, फळीवर दगड,
दगडाखाली टँकरवाल्या एल्मेरची चिठ्ठी:
तीन सोल. सुटे ठेवा.

टेकडी उतरणारा जिना पिवळा रंगवलाय
कुठल्याशा निवडणुकीत. दोनशे बारा पायऱ्या.
उमेदवार पडला. पायऱ्या राहिल्या.

तिची आई आयाकुचोहून आली तेव्हा
गावात रात्री दार वाजलं तर कुणी उघडत नसे.
इथल्या वाळूत तिनं चार चटया रोवल्या, एक झेंडा,
आणि सकाळी पोलीस आले तेव्हा चूल पेटलेली होती.
पेटलेल्या चुलीला घर म्हणतात,
एवढाच कायदा तिला येत होता.

दोन बस बदलून मिराफ्लोरेस.
नववा मजला. मोठ्या काचा.
काचेखाली मातीच्या विटांचा डोंगर, दीड हजार वर्षांचा;
फळीवर पुस्तकं लावावीत तशा उभ्या विटा,
मध्ये बोटभर फट, भूकंपाला अंग हलवता यावं म्हणून.
मग इन्का आले, मग घोड्यांवरून दाढीवाले.
त्यांनी नाव ठेवलं: राजांचं शहर.
राजा मात्र एकही राहायला आला नाही.

तिचा भाऊ सातुर्निनो तिथे चिखल तुडवतो,
मेलेल्यांच्या भिंती लिंपतो रोजंदारीवर.
एका जुन्या विटेवर त्याला बोटं सापडली,
चार, आणि अंगठा.
त्यानं आपला हात ठेवून पाहिला.
बसला.
साहेबांना सांगितलं नाही.

वरून तो मुंगीएवढा. तेओफिला हात हलवत नाही,
हलवला तरी काच पुसतेय असंच वाटणार.
म्हणून ती काच दोनदा उलटी पुसते,
आणि खाली मुंगी टोपी काढते.

सेन्योरा ग्रासिएलांच्या पणजोबांनी
समुद्री पक्ष्यांची शीट विकून बंगला बांधला.
भिंतीवरच्या चित्रात त्यांच्या हातात गुलाब आहे.
सेन्योरा तिला 'पोरी' म्हणतात;
पोरगी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी.
तिचा कप वेगळा. तसं कुणी कधी बोललं नाही.
कपच सांगतो.

मार्चमध्ये डोंगरांतून चिखल उतरला.
नळ खोकले, गप्प झाले.
एक दिवस, दोन, चार.
नवव्या मजल्याच्या लोकांनी पहिल्यांदाच
एकमेकांचं पाणी जोखलं.
खाली टँकर आला. एल्मेरचाच.
इथे फुकट, पालिकेचा हुकूम.
एल्मेरनं तेओफिलाच्या नजरेला नजर दिली नाही.

सेन्योरा रांगेत, हातात शॅम्पेन गार करायची
चांदीची बादली. काठोकाठ भरली,
लिफ्टपर्यंत निम्मी सांडली, चपला भिजल्या.
'असं नाही,' तेओफिला म्हणाली,
कुंडीतलं एक पान तोडून पाण्यावर सोडलं,
'आता चाला. हिंदकळणार नाही.'

चाललं.
त्या रात्री सेन्योरांनी स्वतः हात घालून पाहिला,
'कोपरापर्यंत आहे गं?'
आणि दोघी हसल्या, कुणालाच
पुढे काय बोलावं ते सुचलं नाही.

पाचव्या दिवशी नळ आले.
सेन्योरांनी तोटी सोडली, तशीच ठेवली,
डोळे मिटून ऐकत राहिल्या.
तेओफिला मागे उभी, हातात फडकं,
मनात मोजत:
अर्धं पिंप.
पाऊण.
एक.
तीन सोल.
अजून सोडलेलाच.