पाच शब्द

कंदील, घुबड, सुतळी, मोहरी, पूल.
सावकाश वाचायचे, दोन शब्दांमध्ये एक श्वास सोडून.
मग जागेवरच फिरणाऱ्या सायकलवर बसवायचं,
छातीला तारा, बोटाला चिमटा,
आणि वीस मिनिटांनी विचारायचं :
काय होते ते?

ईसाल्मीच्या आरोग्यकेंद्रात तळमजल्यावर
अकरा वर्षं माझं काम एवढंच.
नोव्हेंबरात दुपारी तीनला अंधार पडतो,
खिडकीत आपलंच तोंड दिसतं.

साइमी हुओतारी, वय अठ्ठ्याहत्तर.
"चाळीस वर्षं लोण्याच्या कारखान्यात उभी होते,
मग बसले. झालं चरित्र."
सहाव्या मिनिटाला धाप लागली.
शब्द आठवले दोन : घुबड, पूल.
वर एक तिनं पदरचा घातला : लोणी.
मी दोन लिहिले.
लोण्याला रकाना नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं :
मेंदूच्या पोटात एक समुद्रघोडा, करंगळीएवढा.
वयानं सुकतो, म्हणाल्या,
चालत्या माणसाचा जरा सावकाश. बहुधा.
साइमीनं तो 'बहुधा'
जुनं नाणं पारखावं तसा वाजवून पाहिला,
आणि बूट चढवले.

त्या हिवाळ्यात तिनं पोत्कुरी बाहेर काढली.
म्हणजे एक खुर्ची, खाली दोन लांब पोलादी पाती;
एक पाय पातीवर ठेवायचा,
दुसऱ्यानं बर्फाला मागं लाथ मारायची.
आधी दुकानापर्यंत.
मग चर्चच्या वळणापर्यंत, दोनदा पडून.
मग फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावरून आरपार
पलीकडच्या काठाला, बहिणीकडे,
जिच्याशी एकोणीस वर्षं अबोला होता.
कारण काय होतं ते
दोघींनाही आठवेना.
कॉफी प्यायल्या.

एप्रिलात ती परत आली, गाल भाजलेले.
यादी तीच; छापील कागद संपल्याशिवाय नवे मिळत नाहीत.
वीस मिनिटं फिरवली पायडलं, वर मलाच विचारलं, थांबू का?
मग बोटं मोडत :
कंदील. घुबड. पूल. मोहरी.
आणि... आणि...
खिडकीबाहेर बर्फ वितळून टपटपत होता.
"अरे ते, ज्यानं बांधतात ते!"
अर्धा गुण देता येत नाही.
मी चार लिहिले,
आणि पेन उगाच थोडा वेळ कागदावर राहू दिलं.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.
पण त्याच गटात काउको रास होता,
जुना लाकूडतोड्या, रोज नऊ किलोमीटर,
थर्मामीटर उणे पंचवीस दाखवो, नाहीतर काही.
मे महिन्यात त्यानं मला पोस्टमन समजून
पार्सलबद्दल विचारलं.
शब्द : एकही नाही.
मुठीत यंत्र दिलं तर पकड भरली एकेचाळीस किलो,
माझ्याहून नऊनं जास्त.
जाताना हात हातात घेतला
तो सोडवायला मला वेळ लागला.
त्याच्या बायकोनं विचारलं,
चालला नसता तर हे आधीच झालं असतं का?
मी म्हणालो, बहुधा.
तिनं तो वाजवून पाहिला नाही.
घडी घालून पर्समध्ये ठेवला.

माझं वय त्रेपन्न. घर चौथ्या मजल्यावर.
दिवसभर दुसऱ्यांच्या पायांकडे बघत
मी खुर्चीत असतो.
आज लिफ्टचं बटण दाबलं नाही.
ठरवलं, पायऱ्या चढता चढता शब्द म्हणायचे,
कागदाशिवाय, जे मी कधीच केलेलं नाही.

कंदील, पहिल्याच वळणावर.
घुबड. पूल.
तिसऱ्या मजल्यावर कठड्याला हात,
कुणीतरी कांदा परततंय,
मोहरी.
दाराशी किल्ली हातात, काळीज कानात वाजतंय,
आणि एक कमी.
ज्यानं बांधतात ते.
जिन्यातला दिवा आपोआप विझला.

बॅग दाराशीच ठेवली
आणि परत खाली उतरलो,
पहिल्या पायरीपर्यंत.