नळ

भवानी मंडपाच्या कमानीपाशी ती रिक्षात बसली
तेव्हा मी नेहमीचं सुरू केलं:
"इथं हत्ती उभा असायचा, बाई,
सलाम केल्याशिवाय कुणाला आत सोडायचा नाही."
हत्तीचं मला काय ठाव नाही.
पण पाहुण्याला हत्ती दिला
की तो भाड्याची घासाघीस करत नाही.

खासबागेच्या पायऱ्यांवर तिनं गुडघा चोळला.
मी दोन पैलवान तीन तास झुंजवले,
एकाचा कान तुटला हेही सांगितलं.
"कुठला कान? डावा का उजवा?"
तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

टाउन हॉलच्या बागेत म्हणाली, "मी पण हेच करते.
फिलाडेल्फियात. जुन्या विटांच्या गल्ल्यांतनं
दिवसाला चार घोळके फिरवते.
एक घंटा आहे, तडा गेलेली, वाजत नाही,
ती बघायला माणसं रांग लावतात.
मी तडा सांगते. चोवीस वर्षं.
पावसात सांगते, बर्फात सांगते."
"मग जोडत का नाहीत?"
"जोडली तर बघायला कोण येईल?"
पटलं. धंद्याचं बोलली.

नाव हेमलता इंगवले. माहेरचं.
देऊळ उद्या, म्हणाली, आधी खोल खंडोबाच्या मागं घ्या.
तिकडं बघण्यासारखं काय नाही,
एक पिठाची गिरण, एक सायकलचं दुकान, तेही बंद.
तरी उतरली. नळापाशी उभी राहिली.
नळाला तोटी नाही, चिंधी कोंबलेली.
खाली दगड, दगडाला खळगा,
घागरी टेकवून टेकवून पडलेला.

"आई इथं भांडायची. पहाटे चारला. नंबरावरनं.
समोरच्या आक्काताईनं एकदा तिची घागर लाथाडली,
इथनं पार त्या गटारापर्यंत गेली वाजत.
त्याच आक्काताईनं पुढं माझ्या विमानासाठी
हातातली बांगडी मोडली."

मी वाट बघितली, आणखी काय सांगंल.
काहीच नाही.
चोवीस वर्षं बोलणारी बाई,
मीटर चालू, आणि गप्प.

परवा नगरची माणसं होती. पाच जण,
त्यात एक पोरगं गाडी लागणारं.
हत्ती दिला. पैलवान दिले.
मग का कोण जाणे, हँडल वळलं.
"हा नळ," म्हटलं, आणि अडलो.
खऱ्याची सवय नाही जिभेला.
"इथं दोन बायका भांडल्या."
"मग?" पोरगं म्हणालं.
"मग काय नाही. एकीनं दुसरीच्या लेकीसाठी
बांगडी मोडली."
कुणी फोटो काढला नाही.
पोरानं वाकून खळग्यात बोट घातलं,
बराच वेळ फिरवत बसलं.

उतरताना त्यांनी
तीस रुपयांची घासाघीस केली.